काउंटरवर सुटे परत देताना गोंधळ उडतो, तुम्ही काय करता?

नवी_काउंटरवाली:
म्हापशात एका सुपरमार्केटमध्ये कॅशला लागलेय. साधं बिल असलं तर मशीन परत किती द्यायचे ते दाखवतं, प्रश्न नाही. पण शुक्रवारी बाजाराला आलेली माणसं आत शिरली की लाइन दारापर्यंत, आणि होतं काय, बिल ३६७, पाचशेची नोट देतात, मी ५०० मारते, मशीन १३३ दाखवतं, मी नोटा काढते तेवढ्यात "रे बाय, सतरा सुटे आसात म्हजेकडे" म्हणून चिल्लर पुढे. मागचा ओरडतो बेगीन कर, आणि मी ब्लँक. अशा वेळी सुटे घ्यायचेच नाहीत का?

पेडणेकर_काका:
घे गो, सुटे कोण सोडतं! फक्त ५१७ वजा ३६७ करत बसू नको. मशीनवर १३३ आहे ना, त्यात १७ मिळव, १५०. एक शंभर, एक पन्नास, संपलं. गिऱ्हाईक सुटे देतं ते बहुतेक परत गोल आकडा यावा म्हणूनच, त्यामुळे १४८ असलं काहीतरी यायला लागलं तर दोघांपैकी एकाचं मोजताना चुकलंय, तिथे थांबायचं.

मडगावची_ताई:
काकांचं बरोबर, पण मी मशीनकडे बघतच नाही. बिलापासून वर मोजत जायचं: ३६७, हे तीन म्हणजे ३७०, हे तीस, चारशे, हे शंभर, पाचशे. मोठ्याने, त्याच्या हातावर ठेवत. आणि त्याची नोट लगेच ड्रॉवरमध्ये टाकू नको, सुटे हातात पडेपर्यंत बाहेर दिसेल अशी ठेव, म्हणजे "मी पाचशे दिलेले" हा वादच होत नाही. २० आणि २०० च्या नोटांना सांभाळ, दोन्ही पिवळ्या, २० ची जरा हिरवट, पण रात्री दिव्याखाली कोणाला कळतंय? मागे वेरूळ की सांचीचा स्तूप ते बघायला वेळ नसतो, लांबी बघ, २० ची १२९ मिमी, २०० ची १४६. ड्रॉवरमध्ये शेजारी तर अजिबात ठेवू नको.

कळंगुटकर:
सीझनला आमच्याकडे अजून एक प्रकार असतो. अर्धे पैसे मोजून झाले की हसत हसत "याचे सुटे पण दे ना, आणि ते परत घे, हे घे", नोटा इकडून तिकडे फिरतात आणि शेवटी त्याच्याकडे पाचशे जास्त. कोणी का असेना, आधीचं बिल पूर्ण होऊन ड्रॉवर बंद, मगच दुसरं. लाइन ओरडू दे.

नवी_काउंटरवाली:
मिळवायचं डोक्यातच आलं नव्हतं 😅 अजून एक, दहाचं नाणं परत दिलं की काही जण घेतच नाहीत, हे खोटं म्हणतात. आणि सुटे संपले की शेठ चॉकलेट द्यायला सांगतो.

मडगावची_ताई:
दहाची नाणी वेगवेगळ्या डिझाइनची आहेत, २०१८ पर्यंतच १४ झाली होती, रुपयाचं चिन्ह असलेली आणि नसलेली पण, सगळी चालतात, रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलंय. ते प्रिंट काढून काउंटरला चिकटव, निम्मे वाद जातील. चॉकलेट मात्र मला पटत नाही, गिऱ्हाईक उद्या तेच चॉकलेट पैसे म्हणून आणेल तर शेठ घेणार का?

पेडणेकर_काका:
सुट्यांसाठी पदेराला, म्हणजे पाववाल्याला धर, सकाळची फेरी संपली की त्याच्याकडे नाणी असतात आणि त्याला नोटा हव्याच असतात. जवळच्या देवळात फंडपेटी मोजतात तेव्हापण विचारून ठेव. आणि बाय, सकाळी ड्रॉवर हातात घेताना आत किती आहेत ते मोजून लिहून घेतेस ना? एकाच ड्रॉवरवर दोघी बसत असाल आणि रात्री कमी आले तर कोणाचे ते कसं ठरवणार?

नवी_काउंटरवाली:
दोघीच बसतो, आणि लिहून कोणी घेत नाही. उद्या वही नेते.