बॅचच्या टी-शर्टवर विद्यापीठाचा लोगो छापता येतो का? (बजेट २५० च्या आत)

झिरोमाइल_२००१: नमस्कार मंडळी. डिसेंबरात आमच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे, १२० टी-शर्ट पाहिजेत. छातीवर आपल्या नागपूर विद्यापीठाचा लोगो, मागे बॅचचं नाव अन् खाली एका मित्राच्या बिल्डर फर्मचं नाव, कारण जेवणाचा अर्धा खर्च तो देऊन राहिला. प्रिंटरवाला म्हणते परवानगीचं पत्र आणा. कोणाकडून आणू? अन् २५० मध्ये बरं कापड कुठे मिळेल?

सावजीरस्सा: टी-शर्ट काहून घेता, हुडी घ्या. आम्ही ६५० मध्ये केली, ३२० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम कापड), अजून एक धागा निघाला नाही.

झिरोमाइल_२००१: भाऊ, २५०.

रवीनगरकर: गांधीबागेत कोरा माल होलसेलमध्ये घ्या, १८० जीएसएम बायोवॉश (धुऊन मऊ केलेलं), छपाई वेगळीकडे. डीटीएफ (फिल्मवर छापून गरम दाबून चिकटवतात ते) अजिबात नको, आमच्या लोगोचं तिसऱ्या धुण्यातच सालपट निघालं.

प्रेसवाला_इतवारी: डीटीएफला नावं ठेवू नका, हीट प्रेस नीट बसवला नसेल. एकच रंग असेल तर स्क्रीन प्रिंट, १२० पिसांना स्वस्तही पडते.

संत्राबर्फी: अहो कापडावर काय भांडून राहिले, प्रश्न लोगोचा आहे. मी ट्रेडमार्कच्या ऑफिसात सहा वर्षं काढली. आयपी इंडियाच्या, म्हणजे सरकारी ट्रेडमार्क नोंदणीच्या, साइटवर पब्लिक सर्च फुकट आहे, आधी तिथे पाहा. नोंद माल-सेवेच्या प्रकारानं, म्हणजे क्लासनं होते: कपडे क्लास २५, शिक्षण क्लास ४१. फक्त ४१ मध्ये नोंद दिसली, म्हणजे कपड्यांवर मोकळं आहे असं समजून उड्या मारू नका, नामांकित नावाला दुसऱ्या क्लासमध्येही संरक्षण मिळू शकते. अर्ज कुलसचिवांच्या नावे द्या, सोबत डिझाइन, किती नग, पैसे घेणार की नाही ते लिहा. अन् बिल्डरचं नाव त्याच टी-शर्टवर नकोच, विद्यापीठच त्याची जाहिरात करून राहिलं असं दिसते, तिथेच अडेल.

महालचे_काका: मी ८९ पासून छापून राहिलो, कोणी हटकलं नाही. आपलंच विद्यापीठ, १९२३ चं, त्याला आपल्या पोरांचाच राग येईन काय?

संत्राबर्फी: काका, हटकलं नाही म्हणजे परवानगी होती असं नाही न.

पुतण्या_अमेरिकेत: इकडे तर लायसन्स असलेल्या व्हेंडरकडूनच छापून घ्या म्हणतात, वर विद्यापीठाला रॉयल्टी. ओहायो स्टेट विद्यापीठानं तर २०२२ मध्ये इंग्रजी ‘द’ (THE) हा शब्दच कपड्यांसाठी रजिस्टर करून घेतला.

सावजीरस्सा: ‘द’??? उद्या ‘बे’ रजिस्टर करतील, मग नागपूरकरांनी बोलायचं काय?

रवीनगरकर: गांधीबागच पाहा, मी आधीच सांगितलं होतं.

पुतण्या_अमेरिकेत: लोगो ताणायचा नाही, रंग बदलायचा नाही, हेही नियम असतात. काळ्यावर सोनेरी केला तर परत पाठवतात.

झिरोमाइल_२००१: सगळ्यांचे आभार. काल बॅचच्या ग्रुपवर रात्री १ पर्यंत गोंधळ चालला. टी-शर्टच रद्द. पांढरे सुती दुपट्टे करून राहिलो, कोपऱ्यात आमच्या कॅन्टीनच्या चहावाल्या किटलीचं चित्र, खाली ‘२००१’. लोगो नाही, विद्यापीठाचं नावही नाही, नगाला ११०. बिल्डरचं नाव जेवणाच्या बॅनरवर.

सावजीरस्सा: डिसेंबरात दुपट्टा? थंडीत कुडकुडाल तेव्हा हुडीची आठवण काढा.

महालचे_काका: किटली कोणी रजिस्टर केली नाही न, तेवढं पाहून घ्या.