अँबोसेलीचे हत्ती कृष्णधवलमध्ये : ५० हजारांत कोणती लेन्स?

सावली_उन्ह
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये आईबाबांना घेऊन केनियाला चालले आहे, त्यातले तीन दिवस अँबोसेलीच्या अभयारण्यात. मागे किलिमांजारो, पुढे धुळीतून येणारा हत्तींचा कळप, असा एक तरी कृष्णधवल फोटो घरच्या भिंतीवर लावायचाय. कॅमेरा कॅनन २००डी, सोबत १८-५५ आणि ५५-२५० एमएमच्या लेन्स. नव्या लेन्ससाठी ५० हजार, वर एक रुपयाही नाही. काय घेऊ?

गवा_दिसला
डोळे झाकून १५०-६०० एमएमची लांबची लेन्स घे. ताडोबात पाणवठ्यापलीकडच्या वाघिणीच्या मिश्या मोजता येतात माझ्या फोटोत. बजेट थोडं ताणावं लागेल, पण आफ्रिका काय रोज होते?

तळजाई_पहाटे
ती ५० म्हणतेय ना! सेकंडहँड बघ, पण हातात घेऊन, उजेडात धरून. मी फोटो बघून मागवलेल्या लेन्समध्ये बुरशी निघाली. विकणारा फोन उचलेना. ३२ हजार पाण्यात गेले.

नैरोबीकर
अकरा वर्षं इथे राहतेय, म्हणून सांगते. अँबोसेलीत हत्ती कधीकधी गाडीच्या इतक्या जवळून जातात की ६००मध्ये नुसता कान मावेल. सकाळी ते कोरड्या तलावाचं पात्र ओलांडून दलदलीकडे येतात, संध्याकाळी परत फिरतात. गाडी रस्ता सोडून घालता येत नाही, त्यामुळे ते कुठून ओलांडतील हे ओळखणारा ड्रायव्हर मिळाला तर अर्धं काम झालं. ऊन चढलं की पात्रावरची हवा थरथरते, मग लांबच्या लेन्सचा फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येतो. तोवर डोंगरही बहुतेकदा ढगात गेलेला असतो. गेट सहाला उघडतं, तेव्हाच आत शिरा.

गवा_दिसला
माझ्या लेन्सला असलं काही झालं नाही.

नैरोबीकर
ताडोबात झाडी आहे, दादा. इथे मैलभर सपाट, तापलेली जमीन.

पानशेत७०
रंग काढायचेच कशाला? हिरवी दलदल, त्यात हत्तींच्या पायाशी पांढरे बगळे. मी रंगीतच ठेवले.

काळंपांढरं
केनियातल्याच त्सावोचे हत्ती लाल मातीने माखलेले असतात, तिथे रंग जरूर ठेवा. अँबोसेलीची धूळ राखाडी, ज्वालामुखीच्या राखेची. मसाई भाषेत ‘एम्पुसेल’ म्हणजे खारी धूळ, त्यावरून हे नाव आलं असं सांगतात. धूळ, कातडी, डोंगर सगळं एकाच करड्या घराण्यातलं. ती जागा मुळातच कृष्णधवल आहे.
ताई, रॉमध्येच (म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढ आणि कॅमेऱ्याचं पिक्चर स्टाइल मोनोक्रोमवर ठेव. पडद्यावर काळंपांढरं दिसतं, फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. घरी एडिटिंगमध्ये निळा स्लायडर खाली ओढलास की आभाळ गडद होतं आणि शिखरावरचं बर्फ उठून दिसतं. सुरकुत्या हव्यात तर ऊन बाजूने येऊ दे. फोटोग्राफर निक ब्रँटने इथलेच हत्ती पेंटॅक्स ६७ या फिल्म कॅमेऱ्यावर, टेलिलेन्स (लांबची लेन्स) न लावता टिपलेत.

तळजाई_पहाटे
धुळीत लेन्स बदलू नकोस. माझ्या तीन दिवसांच्या प्रत्येक फोटोत आभाळात त्याच जागी तोच ठिपका आहे. आणि नैरोबीकर म्हणाल्या तसं, सहाला गेटवर.

गवा_दिसला
ब्रँटकडे वेळ होता. हिच्याकडे तीन दिवस. १५०-६००.

डॉक्टरीण_बाई
लेन्सच्या नादात लस विसरू नका! पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी. लस घेतल्याचा दाखला नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावरून विलगीकरणात नेऊ शकतात. वय साठच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

सावली_उन्ह
बाईंचे खास आभार, बाबा ६६चे आहेत, उद्याच विचारते.
लेन्स घेत नाहीये. काल बाबांनी हा धागा वाचला आणि कपाटातून त्यांचा जुना फिल्म कॅमेरा, निकॉन एफएम२, काढून समोर ठेवला, ५० एमएम लेन्ससकट. माझ्या बारशाचे फोटो त्यावरचे. खटका दाबून बघितला, आवाज अजून तसाच खणखणीत. इलफर्ड एचपी५ या कृष्णधवल फिल्मचे सहा रोल मागवलेत, २१६ फोटो. बाबा एफएम२वर काढतील, मी २००डीवर ५५-२५० लावते, ती काढायचीच नाही. उरलेल्या पैशांत अँबोसेलीचा एक मुक्काम वाढवला. नैरोबीकर, रोल तिकडेच धुऊन घेऊ की घरी आणू?

नैरोबीकर
घरीच आणा. रोल हातातल्या बॅगेत ठेवा आणि विमानतळावर हाताने तपासायला सांगा, नव्या सीटी स्कॅनरमध्ये खराब होतात.

गवा_दिसला
निदान भाड्याने तरी ने १५०-६००. माझी देतो, पैसे नकोत.