'उत्तर त्याच धाग्यात द्यावे' : द्यावे म्हणजे द्यायचंच का?

दादरहून

गृहनिर्माण संस्थांसाठी आम्ही गटसंदेशांचं एक साधन बनवतो. गटात सभासद असतात, सचिव असतात आणि हल्ली दोन-तीन एआय एजंटही, म्हणजे सूचना वाचून स्वतः कामं करणारे संगणकी मदतनीसही, असतात. एक पाण्याच्या टँकरचं बघतो, एक मेन्टेनन्सच्या पावत्यांचं. साधन कसं वापरायचं हे एजंट एका माहितीपुस्तिकेतून वाचतात. ती मी मराठीत लिहिते आहे, कारण संस्थेच्या समितीलाही ती वाचता यायला हवी, चुकलं तर बदलता यायला हवी.

त्यात एक वाक्य असं होतं : 'सभासदाने धाग्यात प्रश्न विचारल्यास उत्तर त्याच धाग्यात द्यावे.' धागा म्हणजे एका संदेशाखाली मुख्य गटापासून वेगळी चालणारी चर्चा. चाचणीत एजंटाने कधी धाग्यात उत्तर दिलं, कधी सरळ मुख्य गटात. एका सभासदाच्या थकबाकीचा आकडा सगळ्यांसमोर आला. गट चाचणीचा होता आणि आकडा खोटा होता म्हणून निभावलं. सूचना ऐच्छिक वाटली, असं एजंटाचं उत्तर. माझ्या कानाला तरी 'द्यावे' ऐच्छिक लागत नाही. तुम्हाला काय वाटतं?

गिरगावातून

छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझा जन्म गेला, म्हणून लिहितो. दोष एजंटाचा नाही. विध्यर्थ, म्हणजे क्रियापदाचं 'द्यावे', 'यावे' हे रूप, मुळातच अनेक अर्थांचा आहे. 'मुलांनी वेळेवर घरी यावे' हे कर्तव्य. 'आता पाऊस थांबावा' ही इच्छा किंवा अंदाज. 'मोदक करावेत तर आजीनेच' ही योग्यता. रूप एकच. कोणता अर्थ घ्यायचा हे आपण बोलणाऱ्याकडे आणि जागेकडे पाहून ठरवतो.

फलाटावर उभे राहून पाहा. 'प्रवाशांनी रूळ ओलांडू नयेत' ही विनंती वाटते, वर 'कृपया'ही असते. पण १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे रुळांवर घुसखोरी करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि 'जेवल्यावर लगेच झोपू नये' हेही त्याच रूपात. त्यासाठी कोणी पकडून नेत नाही. मुंबईकराला फरक कळतो, कारण त्याला फलाट दिसतो. तुमच्या एजंटासमोर फक्त वाक्य आहे.

अंधेरीहून

काकांनी नेमकं सांगितलं. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनाही हीच अडचण आली होती. म्हणून मार्च १९९७मध्ये आरएफसी २११९ निघाला. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज. त्यात 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' या शब्दांचे अर्थ बांधून दिले. 'मस्ट' म्हणजे सुटका नाही. 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल तर सोडता येईल, पण परिणामांचा पूर्ण विचार करून. 'मे' म्हणजे खरोखर ऐच्छिक. तुमच्या एजंटाने 'द्यावे'चा अर्थ 'शुड' घेतला, किंवा त्याहूनही सैल.

पुढे २०१७मध्ये आरएफसी ८१७४ने स्पष्ट केलं की हे शब्द मोठ्या अक्षरांत असतील तरच त्यांना हा खास अर्थ. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, म्हणजे ती सोय आपल्याला नाही. आपल्याला वजन क्रियापदातच घालावं लागणार. मी 'देणे बंधनकारक आहे' असं लिहीन.

गिरगावातून

'बंधनकारक' कशाला? ते परिपत्रकातच बरं. मराठीत 'दिलेच पाहिजे' आहे. त्यातल्या 'च'वर सगळा भार पडतो. आणि मनाईसाठी 'देता कामा नये' यासारखा पक्का प्रयोग हाताशी आहे. 'देऊ नये' सल्ला होऊ शकतो, 'देता कामा नये' कधीच नाही. घरी आई हे वापरते तेव्हा पुढे वाद संपतो.

मुलुंडहून

'नको'पासून मात्र सांभाळा. 'गटात मेसेज टाकायला नको' म्हणजे टाकणं चुकीचं की टाकण्याची गरज नाही? आमच्या घरात दोन्ही अर्थांनी चालतं.

'येत नाही'चंही तसंच. 'एजंटाला इतर संदेश वाचता येत नाहीत' याचा अर्थ परवानगी नाही, की ते त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत? टेलिग्रामच्या गटात बॉटला सुरुवातीच्या सेटिंगप्रमाणे सगळे संदेश मिळतच नाहीत, त्याला उद्देशून दिलेल्या आज्ञा आणि त्याला दिलेली उत्तरं मिळतात. तिथे 'मिळत नाहीत' लिहावं. मिळतात पण वापरायचे नाहीत, तिथे 'वापरता कामा नये'. हा फरक ढिला राहिला तर समितीची फसगत होईल. संदेश सुरक्षित आहेत असं त्यांना वाटेल आणि प्रत्यक्षात ते एजंटाला दिसत असतील.

आणखी एक. 'आपण पाठवलेला संदेश आपणच काढू शकता' यातला 'आपण' कोण? तुम्ही, आपण सगळे, की ज्याचा तो? दोन एजंट असलेल्या गटात एक दुसऱ्याचा संदेश काढून मोकळा होईल.

दादरहून

'आपण' सगळीकडून काढला. आता वाक्य असं : 'प्रत्येक एजंट फक्त स्वतः पाठवलेला संदेश काढू शकतो.' 'निरोप'ही गेला. 'एजंटाने गटाला निरोप द्यावा' वाचून तो गट सोडून जायचा.

'द्यावे' पूर्ण काढायला मन होत नाही. त्याचा अर्थ पुस्तिकेच्या पहिल्या पानावरच बांधते : 'करावे' असेल तिथे सबळ कारण असेल तर सोडता येईल, पण ते कारण सचिवांना त्याच धाग्यात कळवलेच पाहिजे. ऐच्छिक गोष्टीला 'केले तरी चालेल'. हे समितीतल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

थकबाकीचं वाक्य आता दोन तुकड्यांत आहे : 'उत्तर त्याच धाग्यात दिलेच पाहिजे. सभासदाच्या रकमेचा उल्लेख मुख्य गटात करता कामा नये.' काल रात्री पुन्हा चालवून पाहिलं, उत्तरं धाग्यातच आली. एक अडलंय. सभासदानेच मुख्य गटात 'माझे किती बाकी आहेत?' विचारलं, तर तिथे धागाच नसतो. 'एजंटाने धागा उघडावा' की 'उघडलाच पाहिजे'?

गिरगावातून

उघडलाच पाहिजे. विचारणाऱ्याला संकोच नसेल, पण आकडा वाचणारे शेजारी आहेत.