मदत हवी आहे: सौर-पवन क्षेत्र वाढतंय, मग माझा फंड खाली का?

चकोर: सौर आणि पवन ऊर्जेच्या फंडात पैसे टाकलेत. दरवर्षी नव्या क्षमतेचे विक्रम होतात, तरी फंड काही वर येत नाही. विकू की ठेवू? लवकर सांगा, याच आठवड्यात ठरवायचंय.

निवांत: कोणता फंड? कधी घेतला? पैसे कधी लागणार आहेत? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

रोहित्र: २०२१च्या सुरुवातीला घेतला असेल तर तेव्हा या क्षेत्राचे भाव शिखरावर होते. २०२२ पासून व्याजदर चढले. या प्रकल्पांना इंधन लागत नाही, त्यामुळे जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच, तोही बराचसा कर्ज काढून. ऑर्स्टेड या डेन्मार्कच्या पवन ऊर्जा कंपनीने २०२३ मध्ये अमेरिकेतले ओशन विंड १ आणि २ हे समुद्रातले पवन प्रकल्प सोडून दिले, त्यामागे वाढलेलं व्याज आणि पुरवठादारांचा उशीर ही कारणं होती.

सूर्यफूल: फंड सोडा, छतावर पॅनेल बसवा. फक्त सावली बघून घ्या, एका पॅनेलवर पडली तरी अख्ख्या ओळीची वीज घसरू शकते.

निवांत: छताचं कोणी विचारलेलं नाही हो.

किरण_७: पॅनेल बनवणाऱ्या कंपन्या घ्या. प्रकल्प कोणाचाही असो, माल त्यांचाच खपणार.

रोहित्र: अजिबात नको. पॅनेल स्वस्त होतात म्हणून मागणी वाढते, पण स्वस्ताईची झळ कारखानदारालाच बसते. सनटेक एकेकाळी जगातली सर्वात मोठी पॅनेल कंपनी होती. २०१३ मध्ये तिची मुख्य उपकंपनी दिवाळखोरीत गेली, आणि त्या वर्षीही जगभरात पॅनेलची मागणी वाढतच होती!

वारा: पवनचं कोणीच बोलत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते.

निवांत: म्हणून नफा आठपट होत नाही. ठरावीक वेगानंतर पाती वळवून वीज मर्यादेतच ठेवतात.

चकोर: एका इन्व्हर्टर कंपनीचे शेअरही आहेत, फंडापेक्षा जास्त पैसे त्यातच आहेत. दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला लागतील.

निवांत: मग आधी ते शेअर कमी करा. दोन वर्षांत लागणारे पैसे एकाच कंपनीत कशाला?

किरण_७: पडल्या भावात विकायचं? मी तर थांबेन.

निवांत: तुम्ही थांबाल, कॉलेजची फी थांबणार नाही.

रोहित्र: चकोर, फंडातली पहिली दहा नावं टाका. यंत्रं बनवणारे किती आणि वीज विकणारे किती ते बघू. विकणाऱ्यांचे करारही पाहावे लागतील. भर दुपारी सगळीकडची सौर वीज एकदम येते तेव्हा बाजारात भाव कधीकधी शून्याखाली जातो, ज्यांचा दर लांब मुदतीसाठी बांधलेला आहे तेच तेव्हा तग धरतात. आणि घेतल्याची तारीख अजून सांगितली नाहीत.