कृष्णनच्या सर्व्हिसला खरंच जोर नव्हता काय?

खानापूरची आई: मुलगी तेरा वर्षांची. आठवड्यातनं तीनदा तिला बेळगावला टेनिसला आणते. सर म्हणतात, सर्व्हिसला जोर नाही, हिचं पुढं अवघड आहे. घरी मामंजी म्हणतात, रामनाथन कृष्णनच्या सर्व्हिसला तरी कुठं जोर होता? दोनदा विम्बल्डनच्या सेमीफायनलला गेलाच की. कुणाचं ऐकू?

निपाणीकर: मामंजींचं बरोबर. १९६० आणि १९६१. दोन्ही वेळा ज्यांनी हरवलं तेच चॅम्पियन झाले, नील फ्रेझर आणि रॉड लेव्हर. पण तेव्हा रॅकेट लाकडी होत्या हो, बॉलला आतासारखा वेग नसायचा. आता तसं चालत नाही.

जुना बॉलबॉय: ताई, १९६६ ला मी बारा वर्षांचा. कॅम्पातल्या एका क्लबात बॉल वेचायचो, तांबड्या मातीवर पाणी मारून रोलर ओढायचो. तिथं एक वकील यायचे, पोट सुटलेले. सर्व्हिस अशी, की मीपण परतवली असती. पण मराठा सेंटरचे तरणे ऑफिसर त्यांच्यासमोर अर्ध्या तासात धापा टाकायचे. वकिलांच्या बॉलला वेगच नाही, मग सगळा जोर आपल्या पदरचा घालायचा. घातला की बॉल मागच्या जाळीला!

हे वकील दर दोन वाक्यांमागं कृष्णनचं नाव काढायचे, म्हणून मला तो पाठ. १९५४ ला विम्बल्डनची ज्युनियर स्पर्धा जिंकली, आशियातला पहिलाच. १९६१ ला क्वार्टरफायनलमध्ये रॉय एमर्सनला सरळ तीन सेटमध्ये घरी पाठवलं, आणि एमर्सन त्या साली ऑस्ट्रेलियाचा चॅम्पियन. पैसे घेऊन खेळणाऱ्यांचे दौरे भरवणाऱ्या जॅक क्रेमरनं प्रोफेशनल व्हायला मोठी रक्कम देऊ केली होती, घेतली नाही. त्या काळी प्रोफेशनल झालं की विम्बल्डन बंद, देशादेशांमधला डेव्हिस कप बंद.

वकिलांचा जीव त्या डेव्हिस कपातच. १९६६, कलकत्ता, ब्राझीलविरुद्ध पाचातल्या चार मॅच होऊन २-२. शेवटच्या मॅचला डावखुरा थॉमस कॉख दोन सेट विरुद्ध एकनं पुढं, चौथ्यात ५-२. तिथनं कृष्णननं ७-५, ६-२ काढले! पेपर आला त्या दिवशी वकिलांनी बातमी मोठ्यानं वाचून होईपर्यंत कुणाला रॅकेट उचलू दिली नाही. मला अर्धं कळलं नाही, कुंदा मिळाला तेवढा आठवतो. (फायनल मेलबर्नला ऑस्ट्रेलियाकडून ४-१ हरलो. पण कृष्णननं जयदीप मुखर्जीबरोबर त्यांच्या न्यूकोम्ब-रोशला डबल्समध्ये हरवलं, तेही काय हलकं नव्हे.)

निपाणीकर, रॅकेटचं मान्य. तरी ताई, बॉल सर्व्हिसच्या रेघेजवळ खोल पडतो काय, ते आधी बघा.

खानापूरची आई: पहिला पडतो. दुसरा निम्म्या वेळा जाळ्यात.

जुना बॉलबॉय: मग जोराचं राहू दे बाजूला. पहिली सर्व्हिस चुकली की दुसरीच हातात असते, तीही जाळ्यात गेली की पॉइंट गेला. रोज पन्नास दुसऱ्या सर्व्हिस मारायला लावा. सरांनाही तेच विचारा, नाही म्हणायचे नाहीत.