मदत हवी आहे: इंग्रजीत प्राण्या-पक्ष्यांच्या नावांना कॅपिटल कुठे द्यायचं?

माळटिटवी: अभयारण्याचे मराठी-इंग्रजी फलक आणि पक्षीसूचीची पुस्तिका छपाईला जायची आहे. मराठीत प्रश्नच नाही, आपल्याकडे लहान-मोठी अक्षरं नाहीत. इंग्रजीत मात्र घोळ आहे. एक्सेलमध्ये प्रॉपर (प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करणारा) फॉर्म्युला लावला, तर 'साइक्सेस लार्क'मधल्या अपॉस्ट्रॉफीनंतरचा एसही मोठा झाला. नियम कुठला धरायचा?

खिळेजुळारी: आधी प्रॉपर काढा. अक्षर नसलेल्या कुठल्याही चिन्हानंतरचं अक्षर तो मोठं करतो. शास्त्रीय नावंही बिघडली असतील, तपासा. तिथे पहिला शब्द कॅपिटलने, दुसरा पूर्ण लहान, दोन्ही तिरप्या अक्षरांत. रानपिंगळ्याचं 'अथीनी ब्लेविटी' माणसाच्या नावावरून आलंय, तरी 'ब्लेविटी'तला 'बी' लहानच.

पक्ष्यांना आयओसीची (जगभरातल्या पक्ष्यांच्या नावांची) यादी आणि ई-बर्ड (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ) दोन्हीकडे नावातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं. कारण साधं आहे: 'लिटल रिंग्ड प्लोव्हर' लहान अक्षरांत लिहिलं, की ती ठरावीक जाती की नुसताच छोटा रिंग्ड प्लोव्हर, हे कळत नाही. खरी गोची हायफनची. 'रेड-व्हेंटेड बुलबुल'मध्ये व्ही लहान, कारण ते वर्णन. 'इंडियन ईगल-आऊल'मध्ये मात्र ओ मोठा, कारण आऊल हा स्वतःच पक्ष्यांचा गट. 'झाडावर दोन बुलबुल' असं मोघम लिहिताना सगळं लहान.

शेपूटवाला: सस्तन प्राण्यांना हे लागू नाही. शेकरूच्या 'इंडियन जायंट स्क्विरल'मध्ये फक्त आय मोठा, तोही देशाच्या नावामुळे. वर्तमानपत्रं आणि विकिपीडिया पक्ष्यांनाही लहानच लिहितात (विकिपीडियावर 2014 पर्यंत पक्ष्यांना कॅपिटल होतं, वाद घालून काढलं). माशांचं उलटं: अमेरिकन फिशरीज सोसायटीने 2013 च्या नामसूचीत कॅपिटल आणलं.

पण एकाच फलकावर 'ब्लू मॉरमॉन' फुलपाखरू मोठ्या अक्षरांनी आणि शेकरू लहान अक्षरांनी दिसला, तर लोक छपाईची चूकच समजतील. फलक आणि पुस्तिकेत सगळ्याच जातींना कॅपिटल द्या, पहिल्या पानावर तशी एक ओळ टाका. शोधनिबंध असेल तर त्या नियतकालिकाच्या लेखक-सूचना पाहा.

माळटिटवी: साडेतीनशे नावं हाताने सुधारायची?

खिळेजुळारी: नाही हो. आयओसीची एक्सेल फाईल घ्या, शास्त्रीय नावावरून व्हीलूकअप (दुसऱ्या यादीत शोधून जुळणारी माहिती आणणारा फॉर्म्युला) लावा, इंग्रजी नाव तयार मिळेल. आधी ट्रिम (जादा स्पेस काढणारा फॉर्म्युला) चालवा, शेवटी राहिलेल्या स्पेसमुळे जुळत नाही.

माळटिटवी: लागलं! फक्त रानपिंगळ्याला एन/ए (जुळणारं सापडलं नाही) येतंय.

खिळेजुळारी: तुमच्या यादीत शास्त्रीय नावाचा पहिला शब्द जुना, 'हेटेरोग्लॉक्स' असेल. 'अथीनी' करा.