२०२६ चा फुटबॉल सीझन: हॉलच्या तारखा आणि अवे गेमची ट्रिप

प्रेषक: मेधा (कार्यक्रम समिती)
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

शाळेवाले हॉलच्या तारखा आत्ताच मागताहेत, गणपती आणि दिवाळी दोन्हींच्या. अ‍ॅन आर्बरमध्ये मिशिगन विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉलचा होम गेम, म्हणजे घरच्या मैदानावरचा सामना, असेल त्या शनिवारी कार्यक्रम ठेवला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण बिग टेनच्या, म्हणजे आपला संघ ज्या विद्यापीठांच्या गटात (कॉन्फरन्समध्ये) खेळतो त्याच्या, तारखा अजून लागलेल्या नाहीत. मग कुठले शनिवार सोडायचे?

दुसरं, मंडळाचा ग्रुप एखाद्या अवे गेमला (दुसऱ्यांच्या मैदानावरच्या) न्यावा अशी बऱ्याच जणांची मागणी आहे. कुठला गेम, बस की विमान, बुकिंग कधी? माहितगारांनी नेमकं लिहावं. नुसतं “जाऊ या, मजा येईल” नको.

मेधा

---

प्रेषक: श्रीराम
विषय: उत्तर: २०२६ चा फुटबॉल सीझन

मेधाताई,

आधी वेळापत्रक कसं लागतं ते सांगतो, म्हणजे आज काय ठरवता येतं आणि काय नाही ते कळेल. प्रतिस्पर्धी, तारीख आणि वेळ या तीन गोष्टी वेगवेगळ्या वेळी हातात येतात.

प्रतिस्पर्धी आधीच माहीत आहेत. बिग टेनने २०२४ ते २०२८ या पाच वर्षांच्या जोड्या ऑक्टोबर २०२३ मध्येच जाहीर केल्या. त्यानुसार २०२६ मध्ये मिशिगनकडे इंडियाना, आयोवा, मिशिगन स्टेट, पेन स्टेट आणि यूसीएलए येणार. आपण जायचं मिनेसोटा, ओहायो स्टेट, ऑरेगन आणि रट्गर्सला. म्हणजे घरी पाच, बाहेर चार. नऊ हा विषम आकडा असल्यामुळे पुढच्या वर्षी घरी चार, बाहेर पाच.

तारखा त्यानंतर, आदल्या हिवाळ्यात. यात दोन अपवाद. ओहायो स्टेटचा गेम नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी असतो, म्हणजे २८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगनंतर दोन दिवसांनी. आणि कॉन्फरन्सबाहेरचे गेम दोन विद्यापीठांच्या करारातून कित्येक वर्षं आधी ठरतात. त्यातला मोठा गेम १२ सप्टेंबरला आहे, ओक्लाहोमा अ‍ॅन आर्बरमध्ये. गणेश चतुर्थी सोमवारी १४ तारखेला. त्यामुळे “स्थापनेच्या आधीचा शनिवार घेऊ” असं कोणी सुचवलं तर तिथेच थांबवा.

किकऑफची, म्हणजे गेम सुरू होण्याची, वेळ सगळ्यात शेवटी. ती विद्यापीठ ठरवत नाही, चॅनेलवाले ठरवतात. २०२३ पासून बिग टेनचे हक्क फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याकडे आहेत. ढोबळमानाने दुपारी बारा फॉक्सचे, साडेतीन सीबीएसचे, रात्री साडेसात एनबीसीचे. सुरुवातीच्या आठवड्यांच्या वेळा उन्हाळ्याच्या तोंडावर कळतात. बाकीच्या साधारण बारा दिवस आधी, सोमवारी. त्यातही चॅनेलने निर्णय राखून ठेवला तर सहाच दिवस उरतात.

हॉलसाठी याचा अर्थ असा. बाराचा गेम साडेतीनच्या सुमारास संपतो आणि पाचपर्यंत रस्ते मोकळे होतात, त्यामुळे संध्याकाळचा कार्यक्रम निभावतो. साडेसातचा असेल तर दुपार मोकळी नसते, कारण टेलगेटवाले (गेमआधी पार्किंगमध्ये खाणंपिणं करणारे) सकाळपासून हजर. सगळ्यात वाईट साडेतीनचा. तो सातला सुटतो, म्हणजे नांदी सुरू व्हायच्या वेळेला लाखभर माणूस रस्त्यावर. स्टेडियमची क्षमताच १,०७,६०१ आहे. समोरच्या पायोनियर हायस्कूलच्या आवारात गेमच्या गाड्या लागतात, त्यामुळे त्या बाजूची कुठलीही शाळा शनिवारी नको.

मोकळा शनिवार हुडकायचा म्हटलं तर या वर्षी वाव कमी आहे. २०२४ आणि २०२५ मध्ये सीझनचे चौदा शनिवार होते, म्हणून बारा गेम धरून दोन आठवडे सुट्टी मिळाली. २०२६ मध्ये ५ सप्टेंबर ते २८ नोव्हेंबर असे तेराच शनिवार भरतात. त्या एका सुट्टीवर भिस्त ठेवू नका.

माझं मत विचाराल तर दोन्ही कार्यक्रम रविवारी घ्या. गणपती २० सप्टेंबरला. अनंत चतुर्दशी २५ ला आहे, म्हणजे उत्सवातच बसतो. लक्ष्मीपूजन रविवारी ८ नोव्हेंबरला आहे, त्या संध्याकाळी लोक घरी पूजा करणार. म्हणून दिवाळी १५ ला. लायन्सचे (डेट्रॉईटच्या व्यावसायिक संघाचे) गेम रविवारी असतात खरे, पण ते डेट्रॉईट डाउनटाउनला. आपल्या पार्किंगला त्यांचा त्रास नाही.

श्रीराम

---

प्रेषक: अनघा
विषय: उत्तर: उत्तर: २०२६ चा फुटबॉल सीझन

श्रीरामदादा, छान लिहिलंत. एक शंका आहे. पार पश्चिमेचं ऑरेगन बिग टेनमध्ये असणं अजून पचत नाही. हे दर वर्षी असंच चालणार का? म्हणजे यंदा ऑरेगनला नाही गेलो तर पुढच्या वर्षी जाता येईल का?

अनघा

---

प्रेषक: श्रीराम

अनघाताई, पुढच्या वर्षीचा भरवसा धरू नका.

कारण गणितात आहे, पण आधी ऑरेगन इथे कसं आलं ते. पॅक-१२ चा (पश्चिमेच्या विद्यापीठांच्या जुन्या कॉन्फरन्सचा) टीव्ही करार २०२४ मध्ये संपत होता आणि नव्या करारात पुरेसा पैसा दिसेना. यूएससी आणि यूसीएलएने ३० जून २०२२ लाच बिग टेनमध्ये जाण्याचं जाहीर केलं होतं. जुलै २०२३ मध्ये कोलोराडो बिग १२ या दुसऱ्या कॉन्फरन्सकडे वळलं, ४ ऑगस्टला ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे आले, आणि जुनी पॅक-१२ ऑरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट या दोघांवर आली. २०२४ पासून बिग टेनमध्ये अठरा संघ आहेत, आत वेगळे उपगट (डिव्हिजन) नाहीत.

अठरा संघ म्हणजे प्रत्येकाला सतरा प्रतिस्पर्धी, पण कॉन्फरन्सचे गेम नऊच. बारा जोड्या कायमच्या राखून ठेवल्यात. मिशिगनच्या वाट्याला त्यातल्या दोन, मिशिगन स्टेट आणि ओहायो स्टेट. उरलेल्या सात जागांवर पंधरा संघ फिरतात. पाच वर्षांत प्रत्येक संघाशी किमान दोनदा, एकदा घरी आणि एकदा बाहेर, हा नियम आहे. पाच वर्षांत जागा पस्तीस, त्यातल्या तीस या नियमातच जातात. म्हणजे ऑरेगनच्या मैदानावर पाच वर्षांतून एक फेरी धरून चाला. आयोवा, विस्कॉन्सिनचंही तेच. आता ते दर एक-दोन वर्षांनी येणारे पाहुणे राहिले नाहीत.

खरा त्रास पश्चिमेच्या संघांना झालाय. यूसीएलएने २०२४ मध्ये हवाई, लुईझियाना, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, नेब्रास्का आणि वॉशिंग्टन एवढं केलं. टीव्हीच्या पैशासाठी हे सगळं विकत घेतलंय असं माझं स्पष्ट मत आहे, पण आपल्याला त्या निमित्ताने देश बघायला मिळतो.

---

प्रेषक: कौस्तुभ
विषय: उत्तर: अवे गेमची ट्रिप

नमस्कार,

विमानाने जायच्या तीन ठिकाणांचं प्रवासाच्या बाजूने लिहितो.

मिनेसोटा सगळ्यात सोपं. डेट्रॉईटहून मिनियापोलिसला थेट विमानं भरपूर. विमानतळावरून ब्लू लाइन ट्रेन, यू. एस. बँक स्टेडियम स्टेशनला उतरून ग्रीन लाइन, आणि स्टेडियम व्हिलेजला उतरलात की चालत पाच-दहा मिनिटं. भाड्याची गाडी नको, पार्किंग नको. तिथलं घड्याळ आपल्या एक तास मागे, म्हणजे बाराचा गेम तिथे सकाळी अकराला. शनिवारी सकाळच्या विमानाने जाऊन अकराचा किकऑफ गाठायचा बेत करू नका. विमान तासभर लटकलं तर पहिला हाफ गेलाच.

न्यू जर्सीत, रट्गर्सला, हॉटेलची चिंता आपल्यातल्या अर्ध्या लोकांना नाही, कारण जवळच्या एडिसनला ओळखीचं कोणी ना कोणी निघतंच. नेवार्क विमानतळ स्टेशनवरून एन. जे. ट्रान्झिटची ट्रेन न्यू ब्रन्सविकला जाते. पण स्टेडियम नदीपलीकडे पिस्काटावेमध्ये आहे, तेव्हा शेवटचा टप्पा टॅक्सीचा. जेवण ओक ट्री रोडवरच्या भारतीय हॉटेलांत. शाकाहारी मंडळी आणि लहान मुलं असतील तर चार ठिकाणांत हीच ट्रिप सोयीची.

ऑरेगनला नीट आखणी लागते. गेम युजीनमध्ये, पण लोक उतरतात पोर्टलंडला. तिथून आय-५ ने दक्षिणेला सुमारे ११० मैल. चूक होते ती परतीत. आपल्या साडेसातचा किकऑफ तिथे साडेचारला असतो, गेम आठला संपतो, आणि कागदावर वाटतं की रात्रीचं विमान मिळेल. पार्किंगमधून बाहेर पडायला तास, मग दोन तास ड्राइव्ह, गाडी परत करणं, सिक्युरिटी. नाही मिळत. शनिवारची रात्र युजीन किंवा सेलममध्ये काढा आणि रविवारी दुपारचं विमान घ्या. पूर्वेकडे येताना तीन तास जातात, तेव्हा घरी पोचायला रात्र होणार. सोमवारी सकाळची मीटिंग ठेवू नका. पाऊस धरूनच चला. स्टेडियममध्ये छत्री चालत नाही, पाँचो लागतो.

तिकिटांविषयी. पाहुण्या संघाचा कोटा आधी आपल्याच विद्यापीठाच्या तिकीट ऑफिसातून देणगीदारांना आणि सीझन तिकीटवाल्यांना जातो. उरलेलं रीसेलवर. वीस जणांना सलग जागा हव्यात असा आग्रह धरलात तर ग्रुप बुडेल. चार-चारचे गट करा. तिकिटं फोनवरच येतात, म्हणून एकाच्या अकाउंटवर सगळी ठेवू नका. आदल्या रात्रीच प्रत्येकाला ट्रान्सफर करा आणि वॉलेटमध्ये उतरवायला सांगा. गेटवर नेटवर्क बसलेलं असतं, तिथे ट्रान्सफर होत नाही.

विमान: गेमची वेळ कळायच्या आधी घ्यावं लागतं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी जाणं आणि रविवारी येणं. बेसिक इकॉनॉमी नको, बदलता येत नाही. सुटायला सात दिवस किंवा जास्त असतील तर बुकिंगनंतर २४ तासांत पूर्ण परतावा मिळतो. तेवढ्यात सगळ्यांचे होकार गोळा करा. हॉटेल दोन रात्रींचं मागतं आणि गेमच्या आठवड्याची कॅन्सलेशनची अट वेगळी असते. ती वाचल्याशिवाय कार्ड देऊ नका.

कौस्तुभ

---

प्रेषक: मेधा

कौस्तुभ, पण मागणी जास्त कोलंबसची, म्हणजे ओहायो स्टेटच्या गेमची, आहे. तारीख पक्की, रस्त्याने जाता येतं. एक ५६ सीटची बस करावी आणि एका दिवसात परत यावं असं समितीत ठरत आलंय. काही अडचण?

---

प्रेषक: कौस्तुभ

मेधाताई, अडचण ड्रायव्हरच्या तासांची.

प्रवासी बसच्या ड्रायव्हरला आठ तास विश्रांतीनंतर जास्तीत जास्त दहा तास गाडी चालवता येते, आणि ड्युटीचे पंधरा तास भरले की चालवता येत नाही. आता आपला दिवस बघा. बाराचा गेम गाठायला बस पहाटे साडेपाचला इथून सुटणार. त्याआधी ड्रायव्हर यार्डात बस तपासणार, म्हणजे त्याची ड्युटी साडेचार-पाचला सुरू. गेम साडेतीनला संपला तरी सगळे गोळा होऊन बस निघायला पाच. परत यायला साडेआठ-नऊ. चालवणं सातच तास होतं, पण ड्युटी सोळावर जाते. सुटका एकाच गोष्टीत आहे. गेमच्या वेळात ड्रायव्हरला अधिकृतपणे ड्युटीवरून मोकळं केलं तर ते तास धरले जात नाहीत. पण मग त्या वेळात बसमध्ये सामान आणायला, एखाद्या आजीला बसवायला त्याला बोलवायचं नाही. करारात हे लिहून घ्या, नाहीतर दुसऱ्या ड्रायव्हरचे पैसे धरा. आयत्या वेळी कंपनी नकार देते ती इथेच.

रस्ता: टोलिडोहून आय-७५ ने फिंडली, तिथून १५ नंबरने केरीला यू. एस. २३. पुढे अप्पर सँडस्की, मॅरियन, डेलावेअर (ओहायोतलं गाव, राज्य नव्हे). टोल नाही. डेलावेअरपासून आय-२७० पर्यंत सिग्नलमागून सिग्नल, गेमच्या दिवशी तिथे अर्धा तास जास्तीचा धरा. मग ३१५ पकडून लेन अ‍ॅव्हेन्यूला उतरायचं. नदीच्या पश्चिमेचं पार्किंग घ्या, पूर्वेला कॅम्पसच्या बाजूने बाहेर पडायला जीव जातो.

निळे-पिवळे कपडे घालून जायला हरकत नाही, टोमणे बसतील तेवढंच. मुलांना सांगून ठेवा.

---

प्रेषक: अनघा

यात माझी एक भर. भारतातून आलेले आई-वडील विमानाच्या ट्रिपला असतील तर देशांतर्गत विमानालाही त्यांचा पासपोर्ट लागतो, फोटोकॉपी नाही. आणि बहुतेक स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीच चालते, १२ बाय ६ बाय १२ इंचापर्यंत. डबा, थर्मास, नेहमीची पर्स सगळं गेटवर अडतं. कोलंबसला नोव्हेंबरअखेर बाकड्यावर चार तास बसायचं आहे, तेव्हा ज्येष्ठांना बूड टेकायला उशी लागेल. तिचे नियम स्टेडियमच्या पानावर बघून घ्या.

---

प्रेषक: मेधा

सगळ्यांचे आभार. हॉल: रविवार २० सप्टेंबर आणि रविवार १५ नोव्हेंबर मागितले आहेत. कोलंबसच्या बसचे दोन दर मागवते, एक ड्रायव्हर मोकळा सोडून आणि एक दोन ड्रायव्हर धरून. मिनेसोटा आणि रट्गर्ससाठी ज्यांना यायचं आहे त्यांनी चार-चारचे गट करून गटप्रमुखाचं नाव मला कळवावं. ऑरेगनचं कौस्तुभकडे.

मेधा